आशावैनींचं ऊन

आगाशी गावात सुकेळी कुणाचीही खा, पण बांधावीत ती आमच्या आशावैनींनीच. या माझ्या मोठ्या जाऊबाई. राजेळी केळी सोलून अंगणातल्या माचीवर उन्हात वाळवायची, रोज उलटायची, मग केळीच्या सुक्या पानात गुंडाळून खोडाच्या सोपटाच्या दोरीने आवळायची. माझं पुडकं त्या कानाशी धरून हलवायच्या आणि म्हणायच्या, "कृष्णे, ही सुकेळी की खुळखुळा?" सगळ्यांसमोर! मी जळायचे, खोटं कशाला बोलू.

मग त्यांना पार्किन्सन झाला. हात इतके थरथरायचे की दोरीचं टोक सापडेना, तरी ओढूनताणून बांधायच्या त्याच. सात वर्षं काढली तशी. शेवटी मेंदूचं ऑपरेशन झालं. डोक्यात तारा, गळ्याच्या हाडाखाली कातडीच्या आत मेंदूला बारीक वीज देणारं मशीन. घरी आल्या तर हात अगदी स्थिर, बशीतला चहा हिंदकळला नाही. मी आळीभर पेढे वाटले.

पण वैनी हसल्या नाहीत. आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून राहायच्या. मी चिडले. "एवढ्या बऱ्या झालात, आता काय कमी आहे?" असं तोंडावर म्हणाले. जीभ झडायला हवी होती माझी! वर हुशारी काय, तर उन्हाने मशीन तापेल म्हणून त्यांना अंगणात पाऊल टाकू देईना. डॉक्टरांना विचारलं कुणी? कुणीच नाही. त्या वर्षीची सुकेळी मीच बांधली.

तपासणीला मी आणि त्यांची सून संजना बरोबर गेलो. डॉक्टर हात बघून खूश. वैनी म्हणाल्या, "डॉक्टर, हात चालतात. पण सकाळी उठायचं कशाला, तेच कळत नाही. हे आजारात धरायचं की माझ्या आळसात?"

मी हादरलेच. आमच्याकडे बाई पाय मोडला तर सांगेल, मनाचं सांगणार नाही. केवढी छाती लागते त्याला!

"आजारातच धरायचं," डॉक्टर म्हणाले. त्यांनी मशीनच्या विजेचं प्रमाण बदललं, गोळ्या दिल्या, मनाच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी दिली. मग वैनी अंगणातही येत नाहीत हे ऐकून विचारलं, "आणि उन्हात जायचं नाही, हे कुणी सांगितलं?" संजनाने माझ्याकडे पाहिलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

लगेच काही फरक पडला नाही. पुढचा हंगामही तसाच गेला. पण दर पंधरवड्याला वैनी माणिकपूरला त्या मनाच्या डॉक्टरांकडे जायच्या, मनातलं बोलायच्या, कधी रडून यायच्या. एक खेप चुकवली नाही बाईने. अजून चालताना पाय अडखळतो, बोलणंही जड झालंय.

यंदा माघात मी अंगणात सुकेळी बांधत होते. वैनी आपणहून आल्या, पाट ओढून भर उन्हात बसल्या. माझं पुडकं उचललं, कानाशी हलवलं आणि दोरी सोडून टाकली.

"कृष्णे, दोन वर्षं लोकांना हे खायला घातलंस?"

मला रडूच फुटलं.

"रड नंतर," वैनी म्हणाल्या, "आधी दोरी दे."