मी विझवलेला विमानतळ

धूर निघत होता आणि कोणीही धावत नव्हतं. तुम्हीच सांगा, खामगावात असं कधी होतं का? आमच्याकडे कापसाची सरकी काढणाऱ्या जिनाजवळ कोणी बिडी पेटवली तरी अर्धं गाव बादल्या घेऊन उभं राहतं. त्यात मी जिनातल्या मुनिमाची मुलगी. धूर दिसला की ओरडायचं, हे मला चालण्याआधी शिकवलेलं.

पण त्या दिवशी ओरडायची बंदी होती. मला बघायला मुलगा येणार होता, आणि तोही विमानातून! मुंबईच्या एका कापूसवाल्या शेठचं चिमुकलं विमान तो चालवायचा. खामगावला थोडाच वेळ थांबणार, म्हणून बघण्याचा कार्यक्रम थेट मैदानावर. आधीच्या स्थळाच्या वेळी मुलाच्या वडिलांना शिंक आली आणि मी चहाचा ट्रे त्यांच्याच मांडीवर सोडला होता. स्थळ तिथेच मोडलं.

"आज दचकू नोको, माय," अप्पा म्हणाले. "इमान आवाज करतेच."

"हो, अप्पा."

"अवं, अजून इमान आलंच नाही, अन् तू काऊन कापून राह्यली?"

तेवढ्यात धावपट्टीवर म्हशी शिरल्या. त्या हाकलायला अप्पा आणि चौकीदार पार पलीकडच्या टोकाला गेले.

आमचा विमानतळ म्हणजे एक टिनाचं शेड, एक बाक, एक रांजण आणि एक खांब. खांबावरची वारा दाखवायची कापडी पिशवी माकडांनी केव्हाच नेलेली. मी शेडमध्ये पदर नीट करून बाहेर आले, तो खांबाशी हा धूर! आणि कुंपणापलीकडे कापसाने भरलेली बैलबंडी!

"अप्पा! आग!"

कोणी नाही.

"अहो, कोणी आहे का?"

बंडीचा एक बैल माझ्याकडे बघून रवंथ करू लागला.

कॉलेजात तर्कशास्त्र होतं मला. जिथे धूर, तिथे अग्नी. अग्नी कोणी आणि कशाला पेटवला, हे बहुधा पुढच्या वर्षाला होतं. मी रांजणावरचा तांब्या, म्हणजे आमचा गडवा, घेतला आणि अख्खा रांजण त्या आगीवर रिकामा केला. धूर संपला. आणि बघा, मी दचकलेसुद्धा नाही!

मग विमान आलं. माझ्या डोक्यावरून घिरटी घातली. पुन्हा घातली. बघण्याचा कार्यक्रम सुरू झाला, असं समजून मी पदर सावरून, मान खाली घालून उभी राहिले. तिसरी घिरटी. मुलगा बराच चिकित्सक दिसत होता.

शेवटी विमान उतरलं, पण थांबेचना! धावपट्टी संपली, म्हशी उधळल्या, आणि ते थेट शेजारच्या तुरीत घुसलं. सगळं शांत.

मी गडव्यासकट धावत सुटले. हाक तरी काय मारू? नाव घ्यावं, तर उद्या लग्न ठरलं म्हणजे? म्हणून नुसतंच, "अहो!"

मी तुरीच्या कडेला पोचले.

"अहो! ऐकलं का?"

तूर हलली. केसांत पाला घेऊन एक डोकं वर आलं.

"ओ! आहे, जिवंत आहे! पण बाई, वारा कुठून वाहतोय ते वरून कळावं म्हणून चौकीदारानं केलेला धूर लांबून दिसला होता. जवळ येतो तो गायब, आणि वारा पाठीमागून घेत उतरलो, म्हणून विमान थांबेना. तो धूर कोणत्या शहाण्यानं विझवला?"

माझ्या हातातला गडवा अजून ठिबकत होता.