वेराच्या पुढे चालताना

नीनाचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात डबा उघडत होते. "मामा गेली," एवढंच ती म्हणाली. रशियनमध्ये आईला मामा म्हणतात; तिची आई म्हणजे वेरा. सहा आठवडे झाले त्याला...

वेरा इथे कॅनडात, वॉटर्लूतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये समोरच राहायची. पहिल्याच विंटरमध्ये मी बर्फावर घसरून मनगट मोडून घेतलं आणि बाहेर पडणंच सोडलं. नागपूरची मी, बर्फाची धास्तीच बसली होती. एकदा ही सत्तरीची बाई दार वाजवून आत आली. "मी चॅम्पियन होते," म्हणाली, "तुझ्यापेक्षा कितीतरी जास्त वेळा पडलेय. चल."

खरंच होती. लाकूडतोड्याची मुलगी, स्कीजवरून, म्हणजे पायांना लांब पट्ट्या अडकवून बर्फावरून घसरत, शाळेत जायची. विशीच्या आत देशाच्या क्रॉस-कंट्री स्कीइंगच्या संघात पोचली, शर्यती जिंकल्या. पण वर्षाचे बहुतेक महिने कॅम्पमध्ये जायचे. छोटी नीना आजीकडे वाढली. "एकदा घरी गेले, तर ती मला पाहून आजीच्या मागे लपली," वेराने सांगितलं होतं. त्यानंतरच्या हिवाळ्यात तिने शर्यती सोडल्या. पुढे नीना कॅनडात आली, तिच्यामागून वेरा. नीना मात्र कधी स्कीजवर उभी राहिली नाही.

मला तिने दोन विंटर स्कीइंग शिकवलं. मग तिची नजर अधू होत गेली. नीनाने घाबरून स्कीज बेसमेंटच्या लॉकरमध्ये बंद केल्या. वेरा भांडली नाही, फक्त तिचं बोलणं आटलं. शेवटी मीच नीनाला म्हटलं, "मी पुढे राहून तिला आवाज देत जाईन." तिने किल्ली काढून दिली.

मी ओरडायचे, गडबडीत मराठीतच, "डावीकडे! उतार आला!" आठवड्याभरात तिला ते शब्द पाठ झाले. मागून तीच ओरडायची, "जोरात! मी तुझ्यावर आदळेन!" तिला नीट दिसत नव्हतं, तरी दम मलाच लागायचा. असे तीन विंटर मिळाले आम्हाला. मग तिच्या हृदयाने साथ सोडली.

गेल्या रविवारी दारात नीना उभी होती, आईच्या स्कीज घेऊन. आईचे बूट तिला सैल होत होते. तिने दोन-दोन मोजे घातले होते. ट्रेलवर पोचल्यावर तिने स्कीज बुटांना अडकवल्या.

"मी तिला स्कीजवर कधी पाहिलंच नाही गं," ती म्हणाली. "रागच होता माझा... कशी चालायची ती?"

मी गुडघे वाकवले, अंग पुढे झुकवलं, आणि वेरा टाकायची तसं लांब, सावकाश पाऊल टाकलं. नीना बघत राहिली. मग डोळे पुसून म्हणाली, "परत दाखव."