एस्तेरची जागा

बायबलबाई प्रार्थनेला बसल्या की घरची बाई चहाचं आधण खाली उतरवून ठेवायची. घरातल्या प्रत्येकाचं नाव घेतल्याशिवाय त्यांचं 'आमेन' यायचं नाही. म्हाताऱ्यापासून पाळण्यातल्या पोरापर्यंत सगळे, मग सासरी गेलेल्या मुली, त्यांचे नवरे, आणि आमच्या घरी तर गोठ्यातली चंद्री म्हैससुद्धा. एकदा चंद्रीचं नाव आलं आणि माझ्या बायकोला हसू आवरेना. ती पदर तोंडात कोंबून बसली. डोळे न उघडता बाई म्हणाल्या, "आन प्रभो, हिला हसू येतंय, ते असंच राहू दे."

त्यांचं नाव सगुणाबाई, पण त्या नावाने त्यांना कुणी हाक मारल्याचं मला आठवत नाही. घरोघर जाऊन शास्त्र वाचून दाखवायचं, आजाऱ्याच्या उशाशी बसायचं, यासाठी चर्चच्या मंडळीने त्यांना नेमलं होतं. आमचं गाव नाशिक रोडहून एकलहऱ्याकडे जाताना लागतं. गावात ख्रिस्ती घरं तीसेक असतील, पण बाईंची फेरी सगळ्या गावातून व्हायची. पाटलांच्या वाड्यात जायच्या, बौद्ध वस्तीत जायच्या. कुणी विचारलं, "बाई, बोलावलं नसताना कशाला जाता?" तर म्हणायच्या, "ताप काय बोलावून येतो व्हय?" नवीन पाळकसाहेबांनाही त्या सोडत नसत. पहिल्याच रविवारी त्यांचा उपदेश तासभर लांबला, तेव्हा दारात सलाम करून म्हणाल्या, "साहेब, लय चांगलं बोललात. अर्ध्यावर थांबला असतात तर सगळ्यांनी ऐकलं असतं."

आमच्या कबरस्थानात एकही दगड नव्हता. पहिल्या पिढीच्या पंचांनी तसं ठरवलं होतं. सगळे मजुरी करणारे लोक. एखाद्याला नाव कोरलेला दगड आणि शेजारच्याला नुसती माती, असं मेल्यावर तरी नको, म्हणून कुणालाच दगड नाही. दोन पावसाळ्यांत मातीचा उंचवटा बसायचा, वर गवत यायचं, आणि परक्या माणसाला तिथे शेळ्या चरायची जागा तेवढी दिसायची. कोण कुठे आहे हे बाईंना पाठ होतं. मध्यावर एक चिंच होती, तिथून त्या पावलं मोजायच्या. नवी कबर खणायची असली की खणणारा आधी त्यांना बोलावून आणायचा. पुनरुत्थानाच्या सणाला, म्हणजे ईस्टरला, सूर्य उगवताना आम्ही सगळे तिथे गाणी म्हणायचो. ती संपली की बाई चिंचेपासून पूर्वेला अठरा पावलं चालून गवतात गुडघे टेकायच्या. तिथे त्यांची एस्तेर होती. सहा वर्षांची असताना तापात गेली. नवरा त्याआधीच गेलेला. एस्तेरची पेटी मी खांद्यावरून नेली होती. तेव्हा मी नुकताच शाळेत गुरुजी म्हणून लागलो होतो. त्या पेटीचं वजन जवळजवळ नव्हतंच, आणि त्याचाच मला त्रास झाला होता.

सत्तरच्या दशकात आमच्या बाजूला कॉलन्या वाढू लागल्या आणि गावातून मोठा रस्ता काढायचं ठरलं. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर नकाशा लागला. त्यावर दोन रेघा होत्या, त्यांतली एक पक्की व्हायची होती. एक रेघ कबरस्थानाचा पूर्वेचा अर्धा भाग आणि चिंच घेऊन जात होती. दुसरी सरळ माझ्या घरावरून. घर बांधून मला दीड वर्षंही झालं नव्हतं. ओटा, पुढची खोली आणि बायकोने हौसेने करून घेतलेलं स्वयंपाकघर, सगळं जाणार होतं. नकाशात कबरस्थानाच्या त्या भागावर 'पड जमीन' असं लिहिलेलं होतं. मोजणीवाल्यांना दगड दिसले नाहीत, त्यांनी तसं लिहिलं. मी मंडळीचा चिटणीस. ते वाचलं त्याच दिवशी मी पंचायतीत जाऊन सांगायला हवं होतं. मी घरी आलो आणि जेवलो.

हरकत घेतली ती बाईंनी. सुनावणीला शहरातून एक साहेब आले. बाईंनी त्यांच्यासमोर उभं राहून पूर्वेकडच्या कबरी एकेक करून सांगितल्या. नाव, बापाचं नाव, चिंचेपासून किती पावलं. साहेब भला माणूस होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "कुठे लिहिलेलं आहे का?" लिहिलेलं नव्हतं. मयतांच्या वहीत नावं होती, जागा नव्हत्या. जुने पंच वारले होते, मुलंबाळं मुंबई-पुण्याला गेली होती, पाळकसाहेब नवे. पाळकसाहेबांनीच माझ्याकडे बोट केलं. "आमचे गुरुजी इथलेच. त्यांना विचारा."

साहेब म्हणाले, "गुरुजी, त्या बाजूला कुणाला पुरलंय का?"

मी म्हणालो, "साहेब, जुनी गोष्ट आहे. मला नक्की सांगता येणार नाही." एवढ्यावर थांबलो असतो तरी पाप झालंच होतं. पण मी पुढे म्हणालो, "बाईंचं आता वय झालंय."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्या रागावतील, शाप देतील, सगळ्यांसमोर 'पेटी तुम्हीच नेली होती ना?' असं विचारतील, म्हणून मी मान खाली घालून बसलो. बाहेर आल्यावर त्या मला म्हणाल्या, "गुरुजी, तुम्हाला आठवत नाय?" मी नाही म्हणालो. "मग माझंच चुकलं आसंल," त्या म्हणाल्या. "तुम्ही काय खोटं बोलायचे नाय."

त्यांनी ते मनापासून म्हटलं होतं. मला टोचायला म्हटलं असतं तर मी एव्हाना विसरूनही गेलो असतो.

चिंच तोडली. जमीन फारशी खोदलीच नाही; वरून मुरूम टाकला, रोलर फिरवला, डांबर ओतलं. त्यामुळे खालचं काहीच वर आलं नाही. माझा ओटा शाबूत राहिला. बाई पुढेही आमच्या घरी येत राहिल्या, आमच्या सगळ्यांची नावं घेऊन प्रार्थना करत राहिल्या. मी डोळे मिटून बसायचो, पण माझं नाव आलं की मला तिथून उठून जावंसं वाटायचं. माझ्या बायकोला सगळं ठाऊक होतं. ती एकदाच म्हणाली, "सांगून टाका हो त्यांना." मी म्हणालो, सांगतो.

उरलेल्या कबरस्थानाला मंडळीने कुंपण घातलं. ते काम माझ्याच देखरेखीखाली झालं. चर खणताना निघालेली माती मजुरांनी पश्चिमेच्या कोपऱ्यात टाकली, तिचा एक लहानसा उंचवटा झाला. पुढच्या सणाला गाणी संपल्यावर बाई त्या कोपऱ्यात जाऊन उभ्या राहिल्या. मग मला हाक मारली. "गुरुजी, मी पूर्व-पश्चिमेत चुकले व्हते बघा. ही हितं हाय. एवढीच व्हती ती." आणि त्यांनी त्या मातीच्या ढिगाशी गुडघे टेकले.

तेव्हाही मी बोललो नाही. त्यांच्या तोंडावर इतकं समाधान होतं की ते मोडवेना, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मला भीती वाटली. त्यानंतर त्या दर आठवड्याला तिथे जायच्या. सदाफुली लावली, लांबून कळशीने पाणी आणून घातलं. माझ्या ओट्यावरून मला ते दिसायचं. आठ वर्षं दिसत होतं.

ऐंशीच्या दशकात एका उन्हाळ्यात त्या गेल्या. शेवटच्या आजारात मी दोनदा त्यांच्या खाटेशी बसलो, दोन्ही वेळा शाळेच्या गप्पा मारून उठलो. त्यांनी पाळकसाहेबांना सांगून ठेवलं होतं, "मला माझ्या एस्तेरच्या शेजारी ठेवा." त्या दिवशी सगळं गाव आलं होतं. खणणारा पोरगा नवा होता, त्याला काही माहीत नव्हतं. पाळकसाहेब मला बाजूला घेऊन म्हणाले, "गुरुजी, जुने असे तुम्हीच. मुलीची जागा हीच ना?"

मी हो म्हणालो. आम्ही बाईंना कुंपणाच्या मातीशेजारी पुरलं.