ऑइल न घातलेलं पेट्रोल

पुणतांब्यात झाडं कापायचं हलकं पेट्रोल मशीन माझ्या शेजाऱ्याकडेच आहे. बाभळीपुढे उभा राहून तो आधी तिलाच म्हणतो, "चला पाव्हनं, आवरा." मशीन बायकोच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून ठेवतो, तरी मागेल त्याला देतो.

दोन वर्षांपूर्वी मी ते नेलं आणि पेट्रोलमध्ये ऑइल न मिसळताच चालवलं. इंजिन जाम झालं. मी गुपचूप परत ठेवलं. दुसऱ्या दिवशी त्याच्या मेव्हण्याने मशीन सुरू करायला दोरी ओढली आणि ठपका मेव्हण्यावर आला. दोघांचं बोलणंच तुटलं.

काल मी कबूल केलं. त्याने मोटारसायकलला किक मारली. "बसा तात्या. हे मेव्हण्याला तुमीच सांगायचं."

वाटेत जिलबी घेऊन पिशवी माझ्या हातात दिली. "माफी तुमी मागा. जिलबी माज्याकडून. मीबी त्याला लई बोल्लोय."