बॅरिटोनच्या वाट्याच्या ओळी

आज अरविंदच्या अंत्यविधीत मी त्याचंच बोलणं तोडलं.

तेही संस्कृतात.

ज्यांना अरविंद माहीत नाही त्यांच्यासाठी: इथे जर्मनीत झिंडेलफिंगेनच्या कारखान्यात गाड्यांचे दरवाजे डिझाइन करणारा माझा मित्र. सुट्टीच्या दिवशी बॅरिटोन सॅक्सोफोन वाजवायचा. चौघांचा ग्रुप, हा एकटा मराठी, बाकी तिघं जर्मन.

सॅक्सोफोन म्हटलं की मला वरातीचा बँड दिसतो. तसं म्हणालो की तो चिडायचा नाही, शिकवायचा. ते जास्त वाईट.

"अरे, जॅझचा पत्ता नव्हता तेव्हा पॅरिसमध्ये चार सॅक्सोफोनसाठी चौकड्या, म्हणजे चौघांनी मिळून वाजवायच्या रचना, लिहिल्या जात होत्या. ज्यानं वाद्य बनवलं त्यानंच मित्रांकडून लिहून घेतल्या, स्वतःच छापल्या. वाद्य झालं तयार, पण वाजवायचं काय? लष्करी बँडवाले त्याच्याकडे शिकायला यायचे, त्यांच्यासाठी."

"मग?"

"मग प्रशियाशी, म्हणजे जर्मनांशी, युद्ध झालं. वर्ग बंद, चौकड्या कपाटात." आणि उलरिकेकडे बोट दाखवून, "हिच्या खापरपणजोबांची कृपा."

उलरिके त्यांच्यातली सोप्रानो, सगळ्यात वरच्या सुरांचा सॅक्सोफोन वाजवणारी. ती शांतपणे म्हणायची, "हो, हो. म्हणून तर तुझ्याबरोबर वाजवायची शिक्षा भोगतेय."

बॅरिटोनचं काम बहुतेक वेळ खालून भूम-भूम करण्याचं. पण त्यांच्या एका जुन्या चौकडीच्या संथ भागात बाकीचे तिघं थांबतात आणि बॅरिटोन एकटा गातो. त्या ओळींवर अरविंदचा फार जीव.

आज तिघांनी तीच चौकडी वाजवली.

तिघांनीच.

त्याच्या बायकोनं, वृंदावहिनींनी, मला सांगून ठेवलं होतं, "भाऊजी, वादन झालं की तुम्ही श्लोक म्हणा."

वादन थांबलं. तिघांनी वाद्यं मांडीवर घेतली.

शांतता.

मी उठलो. माझ्यामागे आपलं अख्खं मराठी मंडळ हात जोडून उठलं. जर्मन मंडळी बसूनच राहिली. म्हटलं, बिचाऱ्यांना पद्धत माहीत नाही.

मी सुरू केलं. शुद्ध, खणखणीत. उलरिकेचा पाय हळूच ठेका धरत होता, तेही पाहिलं. वाटलं, हिला आपल्या श्लोकाचा छंद भावला.

मग तिघं पुन्हा वाजवू लागले.

मला वाटलं, मला साथ देताहेत.

मी आवाज चढवला.

नंतर कॉफीच्या वेळी उलरिके जवळ आली. "आल्झो... म्हणजे... ते संपलं नव्हतं. त्या ओळी अरविंदच्या होत्या. आम्ही नुसत्या मात्रा मोजत होतो. तेवढा वेळ तो वाजवणार होता."

मी विचारलं, परत वाजवता येईल का.

"वाजवू की कधीतरी," ती म्हणाली. "पण आज तो समोर होता."

आणि हॉलमध्ये एव्हाना पुढच्या कुटुंबाचा विधी सुरू झाला होता. इथे मरणालाही टेर्मीन असतो, ठरवून दिलेली वेळ.

रविवारी मंडळात मी पोरांना श्लोक शिकवतो. चरणात जिथे थांबायचं ती जागा श्लोकाचीच असते, ती खायची नाही, असं दटावून सांगतो. पोरं "गेनाऊ", अगदी बरोबर, म्हणतात. त्यांना कळलेलं असतं.

वृंदावहिनी म्हणाल्या, "माझंच चुकलं, भाऊजी. तुम्हाला आधी सांगायला हवं होतं."

नवऱ्याला निरोप देऊन आलेली बाई माझी समजूत घालत होती. मी केककडे बघत बसलो.

मंडळाच्या ग्रुपवर दुपारपासून कौतुक चाललंय. 'काका, काय म्हटलंत!' व्हिडिओसकट. ज्यानं टाकला त्यानं कृपा करून काढावा. त्यात माझा आवाज स्वच्छ ऐकू येतो. तेच दुखतंय.

मित्रांनो, एक विनंती. खाली काही लिहू नका. श्लोक नकोत, फुलं नकोत, जोडलेले हातही नकोत. रिकामं राहू द्या.

अरविंद, तुझी श्रद्धांजली मी इथेच थांबवतो.

आता तू वाजव.