धुक्यातला राव

फेरीबोट नदीच्या मध्यावर होती आणि धुकं असं की मला पुढचा रॅम्पही दिसेना. रॅम्प म्हणजे गाड्या आत घेण्याची लोखंडी फळी. तेव्हा शिवोली-चोपड्याचा पूल नव्हता. पेडण्याहून म्हापशाला निघालेली माणसं आमच्याच फेरीनं पलीकडे जात. फेरी चालवणाऱ्याला आमच्याकडे मानानं ‘पात्रांव’ म्हणतात. खलाशाला मात्र मनाला येईल ते.

माझा खलाशी दत्तू कोल्हापूरकडचा, घाटावरचा. त्याला सगळे ‘ए घांटी’ म्हणूनच हाक मारत. महिना भरला की गावी जातो, परत येत नाही, असं त्यानं आदल्याच दिवशी सांगितलं होतं. मला फार वाईट वाटलं. इतका शांत माणूस पुन्हा कुठून मिळणार?

त्या सकाळी नदी, माड, आभाळ सगळं एकात एक विरघळलं होतं. फेरी चालते आहे की आपणच झोपेत आहोत, कळत नव्हतं. एवढ्यात दत्तू केबिनपाशी आला.

"पात्रांव, मागच्या काठावरनं कोणतरी मला राव म्हणतंय. हितं आल्यापास्नं पयल्यांदाच."

मी इंजिन मंद केलं. धुक्यातून बाईचा आवाज आला, "राव रे, राव!"

कोकणीत राव म्हणजे थांब. पण दत्तूचा उजळलेला चेहरा बघून ते सांगायला माझी जीभ रेटेना. धुक्यात अर्ध्यातून फिरायचं नाही, असा नियम होता. तरी मी हळूहळू फेरी फिरवली.

धक्क्यावर एक आई धापा टाकत उभी होती. तिचा मुलगा आमच्याच फेरीत होता. जहाजावर नोकरीला निघालेला, आणि पासपोर्ट घरीच विसरलेला. तिनं तो दत्तूच्या हातात ठेवला. "देव बरें करूं, पुता," म्हणाली.

फेरीखात्याच्या साहेबांनी मला बोलावलंच. "फेरी कोणाक विचारून परती हाडली?"

"दत्तूरावांक कोणीतरी हाक मारली, साहेब."

मी थट्टेनं बोललो खरा, पण नाव माझ्या तोंडात बसलं आणि पुढे धक्क्यावरही रुळलं. महिना भरला, तरी दत्तू गेला नाही.

खलाशी टिकत नाहीत, अशी साहेबांची कायमची कुरकुर. आधी त्यांना हाक कशी मारता ते बघा, असं मी म्हणत असे.

रिटायर झालो त्या दिवशी दत्तूला शेवटी त्या हाकेचं खरं काय ते सांगितलं. तो दोर गुंडाळत होता.

"म्हाईत हाय की. त्याच आठवड्यात कळलं," तो म्हणाला. "पण राव म्हंजे ऱ्हा, असंबी हाय न्हवं? म्हणून ऱ्हायलो."