तीन दिवसांचा खाडा

आमच्या मेसच्या भिंतीवर पाटी होती : 'खाडा सलग तीन दिवसांचाच धरला जाईल. त्याहून कमी उपाशी राहणे ही ज्याची त्याची हौस.' खाडा म्हणजे मेसमधली गैरहजेरी. गावाला जाणार असलात तर मेस चालवणाऱ्या मावशींना आधी सांगायचं, की तेवढ्या दिवसांचे पैसे पुढच्या महिन्यात वळते होतात. सदाशिव पेठेत मेसवर जगणाऱ्या प्रत्येक पोराला हा नियम तोंडपाठ. गावाला न जाता खाडा टाकणारे मात्र आमच्यात थोडेच होते, आणि त्यांतला एक मी.

इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष होतं. माझी अर्धी फी शिष्यवृत्तीतून सरकार भरणार, हे प्रवेश घेतानाच ठरलेलं. सरकार काही भरेना. पहिल्या सत्राची परीक्षा तोंडावर आली तसं कॉलेजनं कळवलं, राहिलेली फी तुम्ही भरा, सरकारकडून आली की परत देऊ. तोवर हॉल तिकीट मिळणार नाही. मी ऑफिसच्या खिडकीशी जाऊन म्हणालो, "सर, हे पैसे सरकारकडून यायचेत. माझ्याकडून नाही."

आतले गृहस्थ चष्मा पुसत म्हणाले, "मग असं करू, आपण सरकारलाच परीक्षेला बसवू."

मागच्या रांगेतली पोरं खो खो हसली. मला त्या माणसाची मान धरावीशी वाटली. मध्ये जाळी होती ते बरं झालं.

संध्याकाळच्या दोन शिकवण्यांत खोलीचं भाडं कसंबसं निघायचं. वडील तालुक्याच्या गावी कपडे शिवतात, आई शाळेत मुलांची खिचडी शिजवते. त्यांच्याकडे मागायचं तोंड मला नव्हतं. कापण्यासारखं एकच उरलं होतं, ते म्हणजे पोट. मावशींना सांगितलं, गावाला चाललोय, तीन दिवसांचा खाडा धरा. त्या पोळी भाजता भाजता म्हणाल्या, "आईला नमस्कार सांग."

आता गावाला गेलेल्या माणसानं पेठेत दिसायचं कसं? रूममेटलाही गावाचंच सांगितलं होतं, म्हणून मेसच्या गल्लीला वळसा घालून मी रात्रभर उघडी असणाऱ्या एका अभ्यासिकेत जायचो आणि दिवसरात्र तिथेच दबून बसायचो. मंडईत संध्याकाळी डाग पडलेली केळी स्वस्त मिळतात. ती आणि कूलरचं पाणी. पहिल्या दिवशी भूक लागते. दुसऱ्या दिवशी राग येतो, तोही सगळ्यांचा. शेजारचा पोरगा चिवड्याचं पाकीट हळूच फोडायचा आणि मी एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचत राहायचो. फोनचा रिचार्ज संपला होता, इनकमिंगही बंद झालं होतं. ते मला बरंच वाटलं. खोटं बोलायचं एक काम वाचलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी माझा रूममेट धापा टाकत अभ्यासिकेत शिरला. मला बघितलं आणि आधी एक सणसणीत शिवी घातली. मग म्हणाला, "तुझी आई आलीय. मेसमध्ये बसलीय. आपली दोन पोरं नदीवर बघायला गेलीत."

मला काही उमजेना. "नदीवर कशाला?"

तो माझी पुस्तकं भराभर पिशवीत कोंबायला लागला, आणि मग मला उमजलं.

झालं होतं ते असं. आदल्या दिवशी आईचा फोन मला लागेना, म्हणून तिनं मेसचा नंबर फिरवला. मावशी म्हणाल्या, अहो, तो तर तुमच्याकडेच आलाय. घरच्यांच्या लेखी मी मेसमध्ये जेवत होतो आणि मेसच्या लेखी घरी. दोन्हीकडे नसलेला, परीक्षा जवळ आलेला, फी थकलेला मुलगा कुठे असू शकतो, हे आमच्याकडच्या आयांना कुणी सांगावं लागत नाही. तिनं मिळेल ती एसटी धरली.

मी मेसमध्ये पोहोचलो तेव्हा ती बाकावर बसली होती. समोरचं ताट तसंच होतं. ती उठली, माझ्या तोंडावरून हात फिरवला, मग त्याच हातानं थोबाडीत मारली. जेवणारी पोरं थांबली.

"मी तुला भेटायला नाही आले," ती म्हणाली. "ओळख पटवायला आले होते."

मला रडू आलं, आणि लाज वाटली ती रडण्याची नाही, समोरच्या ताटातल्या वासानं तोंडाला पाणी सुटल्याची.

मावशींनी सगळं ऐकून घेतलं. खाडा खोटा होता हे कळल्यावर त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मग त्या आईला म्हणाल्या, "माझी पोळ्या लाटणारी बाई गेलीय. परीक्षेपर्यंत राहता का? मागे खोली आहे. पगार आधी देते, तो कॉलेजच्या बोडक्यावर घाला. आणि हा इथेच जेवेल, माझ्या डोळ्यांसमोर. उपकार वगैरे काही नाही हो, मला माणूस हवंच आहे."

आई लगेच हो म्हणाली. मी नको म्हणायला हवं होतं. मी त्या वेळी चौथी पोळी खात होतो.

हॉल तिकीट मिळालं. परीक्षेपुरती आलेली आई, दुसऱ्या सत्राची फीही तशीच अडकली तेव्हा वर्ष संपेपर्यंत राहिली. आत ती लाटायची, बाहेर मी पोरांत बसून जेवायचो. कुणी पोळी जाड झाली म्हणून कुरकुरलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची, पण मान वर करून काही बोललो नाही. पास झालो. आता हिंजवडीत नोकरी करतो.

आई इकडे होती तेवढे महिने शाळेतली खिचडी थांबली नाही. ती जागा गेली असती तर पुन्हा मिळाली नसती. म्हणून आईच्या जागी माझी धाकटी बहीण चुलीपुढे उभी राहिली. ती बारावीला होती, सायन्सला. कॉलेजची वेळ आणि खिचडीची वेळ एकच. प्रॅक्टिकल बुडाली, मग बोर्डाची परीक्षाच राहिली. हे मला घरात कुणी सांगितलं नाही, आणि मीही त्या वर्षी तिचं काय चाललंय असं एकदाही विचारलं नाही. पास होऊन घरी गेलो तेव्हा कळलं.

पहिला पगार झाला त्या दिवशी मी तिला फोन केला. म्हटलं, बाहेरून बारावीला बस, फी मी भरतो, पुस्तकं पाठवतो, पाहिजे तर पुण्याला ये.

ती हसली. म्हणाली, "कशाला रे दादा? मला गणित तसंही जमत नव्हतं."

दहावीला तिला गणितात माझ्यापेक्षा जास्त मार्क होते.